कर्नलमधलं सीएफआय आणि कंपाइलर: प्रकल्प नोंदी, जून-जुलै २०२५

४ जून, बुधवार

काम आजपासून अधिकृतपणे माझ्याकडे. आपल्या दोन्ही उत्पादनांच्या कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) कंट्रोल फ्लो इंटेग्रिटी, म्हणजे सीएफआय, ही कोडची उडी ठरल्या जागांबाहेर जाऊ न देणारी तपासणी लावायची का आणि लावायची तर कोणत्या कंपाइलरच्या (सोर्सचा मशीन कोड करणाऱ्या प्रोग्रामच्या) भरवशावर, एवढं ठरवून द्यायचं आहे. शाखांमध्ये बसणारा गेटवे आर्म६४ प्रोसेसरवर चालतो, त्यात कॉर्टेक्स-ए७२. केंद्रातला सर्व्हर एक्स८६, म्हणजे इंटेल-एएमडी घराण्यातला. दोन्हीकडे लिनक्स ६.१२ आणि दोन्ही आजवर जीसीसी या कंपाइलरने बिल्ड होत आले आहेत. घोडं इथेच पेंड खाणार असं आत्ताच दिसतंय.

धोका काय ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मीटिंगमध्ये फाटे फुटणार नाहीत. कर्नलचा कोड रीड-ओन्ली असतो, त्यामुळे हल्लेखोर नवा कोड घुसवण्याच्या भानगडीत पडत नाही. मेमरीतला एखादा फंक्शन पॉइंटर (कोणतं फंक्शन बोलवायचं तो पत्ता) किंवा स्टॅकवरचा परतीचा पत्ता (फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं तो) बदलतो आणि आपल्याच कोडचे तुकडे त्याला हव्या त्या क्रमाने चालवतो. पहिला प्रकार फॉरवर्ड एज, दुसरा बॅकवर्ड एज. दोघांची औषधं वेगळी. "सीएफआय आहे" असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न हाच: कुठल्या बाजूचं?

५ जून

जुना इतिहास चाळला. मूळ कल्पना अबादी आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या शोधनिबंधातली: प्रोग्रामचा कंट्रोल फ्लो आलेख आधी ठरवा आणि चालताना त्याबाहेर उडी जाऊ देऊ नका. कर्नलसाठी ती वापरण्याजोगी व्हायला बराच काळ गेला. कर्नलची सुरक्षा कडक करणाऱ्या पॅक्स प्रकल्पाच्या मंडळींनी जीसीसी प्लगइनमधून आरएपी हे संरक्षण आणलं. त्यात फंक्शनच्या टाइपचा (ते काय घेतं, काय परत देतं याचा) हॅश, म्हणजे त्यावरून काढलेला आकडा, जुळवणं ही युक्ती होती. गूगलने २०१८ मध्ये पिक्सेल ३ च्या कर्नलमध्ये क्लँग या दुसऱ्या कंपाइलरचं सीएफआय चालू केलं. मूळ लिनक्समध्ये ते ५.१३ ला, म्हणजे २०२१ मध्ये आलं, तेही फक्त आर्म६४ साठी.

ती पहिली पद्धत आज कुणी सुचवली तर नको म्हणायचं. सगळा कर्नल एलटीओने (लिंक करताना अख्खा कोड एकत्र ऑप्टिमाइझ करून) बांधावा लागे आणि फंक्शनच्या खऱ्या पत्त्याऐवजी जंप टेबलमधल्या (फंक्शनांकडे उडी मारणाऱ्या यादीतल्या) नोंदीचा पत्ता हाती येई. मॉड्यूलमधून (कर्नलच्या वेगळ्या लोड होणाऱ्या तुकड्यातून) घेतलेला पत्ता आणि मुख्य कर्नलमधून घेतलेला पत्ता एकाच फंक्शनचे असूनही वेगळे निघत. वर्कक्यूमध्ये (कर्नलच्या पुढे ढकललेल्या कामांच्या रांगेत) "हे तेच टायमर फंक्शन आहे ना" अशी साधी बरोबरी तपासणारी ओळ आहे. तिच्यासाठी वेगळा मॅक्रो घालावा लागला होता. ६.१ मध्ये नवी पद्धत आली आणि तो मॅक्रो गेला.

९ जून

आजचा दिवस डिसअसेंब्लीत, म्हणजे तयार मशीन कोड वाचण्यात. नवी पद्धत म्हणजे केसीएफआय: लिनक्स ६.१ पासून, क्लँगमध्ये आवृत्ती १६ पासून. एलटीओ लागत नाही, जंप टेबल नाही, पत्ता तो पत्ताच राहतो. कंपाइलर प्रत्येक फंक्शनच्या टाइपचं मँगल केलेलं (सांकेतिक अक्षरांत बांधलेलं) नाव घेतो, त्याचा एक्सएक्सहॅश काढतो, त्यातले ३२ बिट ठेवतो आणि फंक्शन सुरू होण्याच्या जरा आधी कोडमध्येच लिहून ठेवतो. पॉइंटरमधून कॉल करायची वेळ आली की कॉल करणारा आधी मागे डोकावून तो आकडा वाचतो, स्वतःला अपेक्षित आकड्याशी जुळवतो, नाही जुळला तर ट्रॅप, म्हणजे प्रोसेसर तिथेच अडून कर्नलच्या हँडलरकडे जातो. हॅश फक्त टाइपच्या नावावरून निघत असल्याने वेगवेगळ्या वेळी बिल्ड झालेली मॉड्यूलंही आपोआप एकमेकांशी जुळतात.

एक्स८६ वर हा हॅश नुसता डेटा म्हणून ठेवत नाहीत. ५ बाइटच्या एका मूव्ह सूचनेत तो लपेटलेला असतो, पुढे ११ बाइट नॉप (काहीच न करणाऱ्या सूचना), म्हणजे एकूण १६ बाइटची प्रस्तावना. मूव्ह कशाला? डिसअसेंबलर आणि ऑब्जटूल (कर्नलचा मशीन कोड तपासणारं साधन) गोंधळू नयेत म्हणून. कॉलच्या जागी मात्र हॅश उणे करून ठेवतात आणि बेरीज शून्य येते का ते बघतात. हे मला फार आवडलं. कॉलच्या जागी हॅश जसाच्या तसा असता तर तीच जागा "वैध फंक्शनच्या आधीचे बाइट" म्हणून वापरता आली असती. त्या एका उणे चिन्हाने ती वाट बंद होते.

आर्म६४ वर सरळ ४ बाइटचा शब्द. चूक सापडली तर बीआरके ही ट्रॅप पाडणारी सूचना, आणि तिच्या आकड्यातच कोणत्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात) पत्ता आहे, कोणत्यात अपेक्षित टाइप, हे भरलेलं. ट्रॅप हँडलरला काही शोधावं लागत नाही. एक्स८६ चा हँडलर बिचारा यूडी२ या ट्रॅप सूचनेच्या मागच्या सूचना उलट वाचत बसतो.

या सगळ्याची मर्यादा उघड आहे. पहारेकरी आडनाव विचारतो, नाव विचारत नाही. आणि पाटील गावोगाव आहेत. प्लॅटफॉर्म ड्रायव्हरच्या सगळ्या प्रोब (डिव्हाइस सापडल्यावर चालणाऱ्या) फंक्शनांचा टाइप एकच. काही घेत नाही आणि काही देत नाही अशी फंक्शनं तर ढिगाने. त्या वर्गातल्या त्या वर्गात पॉइंटर फिरवला तर केसीएफआयला काही कळणार नाही. तरीही फंक्शनच्या मधोमध उडी मारणं बंद होतं आणि मनाला येईल त्या फंक्शनवर जाणंही. माझ्या मते एवढ्यासाठी त्रास घेणं परवडतं.

१२ जून

क्लँग १९ ने गेटवेचा कर्नल बांधला. मूळ कर्नल विनातक्रार बूट झाला. आपले स्वतःचे ड्रायव्हर लोड केले आणि लॉगमध्ये सीएफआय फेल्युअरच्या ओळी सुरू झाल्या. परमिसिव्ह मोड (नुसती नोंद करून पुढे जाणारा) चालू होता म्हणून निभावलं, नाहीतर थेट पॅनिक, म्हणजे कर्नलच बंद.

ओळीत तीन गोष्टी येतात: कॉल कुठून झाला, कुठे चालला होता, आणि कोणता टाइप अपेक्षित होता. पहिलाच गुन्हेगार नेटवर्क ड्रायव्हरमध्ये. पॅकेट पाठवणाऱ्या फंक्शनने नेटडेव्ह टीएक्स हा ईनम (नावं दिलेल्या आकड्यांचा टाइप) परत द्यायचा असतो. आमच्या ड्रायव्हरमध्ये कुणीतरी फार पूर्वी साधा इंट (पूर्णांक) लिहून ठेवलाय. सी भाषेच्या नियमात दोन्ही चालतं, जीसीसी एक अक्षर बोलत नाही, पण मँगल केलेलं नाव वेगळं, म्हणून हॅश वेगळा.

टीममधल्या ज्युनियरने विचारलं, "सर, कंपाइलरला चालतंय, मग बूटला का पडतं?" म्हटलं, "कंपाइलरला चालतंय कारण आपण त्याला नीट विचारलंच नाही." क्लँग १६ पासून फंक्शन पॉइंटरचे टाइप काटेकोर तपासणारी वॉर्निंग आहे, ती हाताने चालू करून परत बिल्ड केलं तर हीच जागा बिल्डच्या वेळीच सापडली. मूळ कर्नलमध्ये २०२२ च्या शेवटी याच प्रकारचे पॅच एकामागून एक गेले आहेत. ते वाचले की आपल्याकडे काय शोधायचं याची यादी आयती मिळते.

कास्टचा, म्हणजे जबरदस्तीने टाइप बदलण्याचा, रोग आणखी जुना. टायमरचे कॉलबॅक (वेळ झाली की बोलावली जाणारी फंक्शनं) पूर्वी एक अनसाइन्ड लाँग घ्यायचे आणि जो तो त्यात आपला पॉइंटर कोंबायचा. ४.१५ च्या सुमारास कर्नल सुरक्षेवर काम करणारे कीस कुक आणि इतरांनी अख्ख्या कर्नलभर ते बदलून टायमर लिस्टचा पॉइंटर घेणारं रूप आणलं. ती साफसफाई आधी झाली नसती तर टाइपवर आधारलेलं सीएफआय कर्नलमध्ये पाय टेकूच शकलं नसतं. आपल्या कोडच्या जुन्या शाखेतल्या एका ड्रायव्हरने मात्र टेबलमधली सगळी फंक्शनं व्हॉइड पॉइंटर घेणाऱ्या एकाच टाइपला कास्ट केली आहेत. तो पूर्ण लिहून काढावा लागेल, ठिगळाने भागणार नाही.

१३ जून

लिनक्सच्या एलकेडीटीएम या चाचणीच्या मॉड्यूलमधून मुद्दाम चुकीच्या प्रोटोटाइपचा कॉल करून पाहिला. दोन्ही आर्किटेक्चरवर ट्रॅप पडला. ही चाचणी सीआयमध्ये (बिल्डसोबत आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) कायमची घातली. कॉन्फिगमधून पर्याय चुकून गळला तर कळायला दुसरा मार्ग नाही.

१६ जून

कंपाइलरला न दिसणारा कोड. आढाव्याचा खरा गाभा हाच आहे असं मला वाटायला लागलंय.

असेंब्ली (हाताने लिहिलेल्या मशीन सूचना): क्लँगने लिहिलेला हॅश असेंब्लीत लिहिलेल्या फंक्शनच्या आधी कसा असेल? कर्नलने त्यासाठी टाइप्ड फंक्शनचा मॅक्रो ठेवला आहे. कुठल्याही सी फाइलमध्ये त्या फंक्शनचा पत्ता घेतला गेला की क्लँग त्याच्या टाइपचा आकडा एका चिन्हात ठेवतो, आणि असेंब्ली तो तिथून उचलते. मॅक्रो वापरायला विसरलं आणि फंक्शन पॉइंटरमधून बोलावलं, की ट्रॅप. क्रिप्टोच्या असेंब्लीत हे घडलंच होतं. २०२२ च्या अखेरीस तिथे दुरुस्त्या गेल्या. आपल्याकडे असेंब्लीतलं एकच फंक्शन आहे, चेकसमचं, आणि ते थेट बोलावलं जातं. तिथे काही करायला नको.

बीपीएफ (बाहेरून देऊन कर्नलमध्ये चालवायचे छोटे प्रोग्राम): त्यांचं जेआयटी चालता चालता मशीन कोड बनवतं, तिथे क्लँगचा संबंधच नाही. त्यामुळे आधी बीपीएफला कॉल करणाऱ्या जागांना तपासणीतून सूट होती. एक्स८६ वर ६.८ पासून जेआयटी स्वतःच योग्य हॅश लिहितं, आर्म६४ वर ६.१२ मध्ये ते नाही, तिथे सूट कायम. म्हणजे आपल्या ६.१२ वर सर्व्हर सुटला, गेटवे नाही. याचीच दुसरी बाजू: बीपीएफ प्रोग्राममधले स्थिरांक जेआयटीच्या कोडमध्ये उतरतात, म्हणजे हव्या त्या हॅशचे बाइट एक्झिक्यूटेबल मेमरीत पेरता येतात. जेआयटी हार्डनिंगचं ब्लाइंडिंग (स्थिरांक झाकून लिहिणं) चालू ठेवायचं आणि सामान्य युजरला बीपीएफ बंद. यावर चर्चा नको.

यूईएफआय (मशीन बूट करणारं फर्मवेअर): त्याच्या फंक्शनांना कुठला हॅश? तिथे सूटच. ही भोकं मोजकी आहेत आणि कर्नलमध्ये सूट देणारा शब्द शोधला की दिसतात. यादी अहवालाला जोडतोय.

रस्ट भाषा: आपल्याकडे नाही. सी मध्ये लाँग आणि लाँग लाँग हे ६४ बिटवर सारख्याच रुंदीचे पण वेगळे टाइप, रस्टमध्ये दोघांना मिळून एकच. म्हणून ६.१२ मध्ये पूर्णांक सरसकट रुंदीवरून मोजण्याचा पर्याय आला. त्याने टाइपचे वर्ग आणखी मोठे होतात. बंद ठेवू.

२० जून, शुक्रवार

पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, ऑफिसला जाण्यात अर्थ नव्हता, घरून काम. शांतपणे बॅकवर्ड एज वाचायला बरा दिवस.

आर्म६४ वर दोन वाटा. एक शॅडो कॉल स्टॅक: क्लँगसाठी लिनक्स ५.८ पासून. परतीचा पत्ता वेगळ्या स्टॅकवर ठेवायचा आणि त्या स्टॅकचा पत्ता एक्स१८ रजिस्टरमध्ये, जे बाकी कशालाही वापरायचं नाही. हा वेगळा स्टॅक साध्याच मेमरीत असतो, फक्त कुठे आहे ते लपलेलं. दुसरी वाट हार्डवेअरची, पॉइंटर ऑथेंटिकेशन, आर्म ८.३ पासून: परतीच्या पत्त्यावर सही करायची आणि परतताना पडताळायची. कर्नलसाठी ५.७ मध्ये आलं. आपला ए७२ हा ८.० चा, त्यात ते नाही. पुढच्या वर्षीच्या गेटवेसाठी ज्याचं नाव चाललंय त्या ए७६ मध्येही नाही, हे हार्डवेअरवाल्यांना आजच कळवलं.

६.२ मधली आर्ड बीशूवेल यांची डायनॅमिक पद्धत वाचून मजा आली. कर्नल पॉइंटर ऑथेंटिकेशनच्या सूचनांसह बिल्ड करायचा. बूट होताना प्रोसेसरला ते येत नसेल, तर कर्नल स्वतःची अनवाइंड टेबलं (स्टॅक उलगडण्याची माहिती) वाचतो, सही करण्याच्या आणि पडताळण्याच्या सूचना नेमक्या कुठे आहेत ते त्यातून हुडकतो आणि त्या जागी शॅडो स्टॅकच्या सूचना लिहितो. दोन्हीकडे सूचनेची लांबी तीच, म्हणून हे जमतं. एकच इमेज, दोन संरक्षणं. त्यासाठी क्लँग १५ किंवा पुढचा लागतो. जीसीसी १२ मध्ये शॅडो कॉल स्टॅक आला आहे, पण ही डायनॅमिक युक्ती तिथे नाही.

एक्स८६ वर? युजरस्पेससाठी, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांसाठी, हार्डवेअर शॅडो स्टॅक ६.६ ला आला. कर्नलच्या स्वतःच्या स्टॅकला काहीही नाही. अहवालात हे जाड ठशात जाणार: सर्व्हरवर आपण काहीही चालू केलं तरी परतीचा पत्ता उघडाच राहणार आहे.

२५ जून

जीसीसीच राहू द्या म्हणणाऱ्यांसाठी आजची नोंद. जीसीसी १५ मध्ये केसीएफआय नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये एक आरएफसी (मतं मागवणारा) पॅच आला होता, तो आत गेला नाही. मग फॉरवर्ड एजला उरतं फक्त हार्डवेअर: आर्मवर बीटीआय, एक्स८६ वर आयबीटी. दोघांचा नियम एकच, पॉइंटरमधून मारलेली उडी ठरावीक लँडिंग सूचनेवरच पडली पाहिजे. टाइप कोणी विचारत नाही.

त्यातही बीटीआयची गोष्ट मासलेवाईक. एखादं फंक्शन स्टॅटिक आहे आणि फक्त थेट कॉल होतं, तर त्याला लँडिंग सूचना कशाला, असं म्हणून जीसीसी ती गाळतं. हिशेब बरोबर. पण कॉलचं अंतर जास्त झालं की लिंकर (बिल्डचे तुकडे जोडणारा प्रोग्राम) वाटेत एक पायरी टाकतो, आणि ती पायरी रजिस्टरमधून उडी मारते. थेट कॉल नकळत अप्रत्यक्ष होतो आणि पलीकडे लँडिंग सूचना नसते. जीसीसीच्या बगझिलात हा १०६६७१ क्रमांकाचा दोष आहे आणि त्यामुळे लिनक्सच्या केकॉन्फिगने (बिल्डचे पर्याय ठरवणाऱ्या यंत्रणेने) कर्नल बीटीआय जीसीसीसाठी बंदच करून टाकलं. कंपाइलर आपल्या फाइलपुरता बरोबर, लिंकर आपल्यापुरता बरोबर, आणि दोघांच्या मध्ये कर्नल पडतो.

३० जून

फाइनआयबीटी, म्हणजे आयबीटी आणि केसीएफआयची सांगड. सर्व्हरसाठी हाच निर्णय सगळ्यात अवघड.

६.२ मध्ये पीटर झिलस्ट्रा यांनी आणलं. केसीएफआयने बिल्ड केलेलाच कर्नल, पण बूट होताना ती १६ बाइटची प्रस्तावना पुन्हा लिहिली जाते: आधी लँडिंग सूचना, मग हॅशची वजाबाकी, मग उडी किंवा यूडी२, शेवटी एक नॉप. बरोबर १६ बाइट भरतात. तपासणी कॉल करणाऱ्याकडून बोलावलेल्या फंक्शनकडे सरकते. फायदा हा की कोडमधून डेटा वाचावा लागत नाही, म्हणजे कर्नलचा कोड एक्झिक्यूट-ओन्ली (चालवता येईल पण वाचता येणार नाही असा) करायची वाट मोकळी राहते, आणि तपासणीही हलकी.

गोची अशी की आता सगळी भिस्त पलीकडच्या माणसावर. लँडिंग सूचना आहे पण मागे तपासणी नाही, अशी एकही जागा सापडली की हल्लेखोराचं काम झालं. अशी जागा आहे: सिस्टिम कॉलचं प्रवेशद्वार. आयबीटी चालू असताना तिथे लँडिंग सूचना असावीच लागते, हा हार्डवेअरचा नियम, आणि तिथे हॅश कोण तपासणार? ६.१५ मध्ये पॅरानॉइड मोड आला, त्यात कॉल करणारासुद्धा हॅश बघतो. पण आपण ६.१२ वर.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. ६.१२ मध्ये पर्याय ऑटोवर असला तर आयबीटी असलेल्या मशीनवर फाइनआयबीटी लागतं, नसलेल्यावर केसीएफआय. आपल्या ताफ्यात इंटेलचे सॅफायर रॅपिड्स आहेत आणि एएमडीचे झेन ३ सुद्धा. झेन ३ मध्ये शॅडो स्टॅक आहे, आयबीटी नाही. तीच इमेज, तोच कॉन्फिग, आणि रॅकमधल्या शेजारच्या दोन मशीनवर संरक्षणाची दोन वेगळी रूपं. बग रिपोर्ट वाचताना डोक्याला ताप. बूट ओळीत केसीएफआय स्पष्ट लिहायचं, असं माझं मत. आयबीटी वेगळं चालू राहतंच. हॅशमध्ये बूटच्या वेळी रँडम बी मिसळण्याची सोयही एक्स८६ वर केसीएफआयसोबत चालते, ती ठेवायची.

३ जुलै

बाकीच्यांवर धावती नजर, वरिष्ठांनी विचारलं म्हणून. विंडोजचं कंट्रोल फ्लो गार्ड वैध फंक्शनांचा बिटमॅप ठेवतं. कर्नलमध्ये तो बिटमॅप हायपरवायझरच्या (कर्नलच्याही खालच्या थराच्या) मदतीने जपतात. टाइप बघत नाही. पण विंडोज ११ च्या २२एच२ पासून कर्नल स्टॅकला हार्डवेअर शॅडो स्टॅक मिळतो, जो लिनक्सला नाही. ॲपलने ए१२ चिपपासून, म्हणजे २०१८ पासून, पॉइंटरवर सह्या सुरू केल्या; प्रोसेसर, कंपाइलर आणि कर्नल एकाच घरचे असल्यावर हे सोपं. ओपनबीएसडीचं रेटगार्ड, ६.४ पासून: प्रत्येक फंक्शनला स्वतःची रँडम कुकी, तिच्याशी परतीच्या पत्त्याचं एक्सऑर, परतताना पडताळणी. सगळं क्लँगमध्ये, खास हार्डवेअर नको. ७.४ मध्ये त्यांनी आयबीटी आणि बीटीआय युजरस्पेसलासुद्धा सक्तीचं केलं. एक्स८६ लिनक्सवर रेटगार्डसारखं काही का नाही, हा प्रश्न मला या आढाव्यात सारखा टोचतोय.

८ जुलै, मंगळवार

शेवटचा अडसर: गेटवेवरचा पॅकेट ऑफलोडचा (पॅकेटचं काम हार्डवेअरवर सोपवणारा) ड्रायव्हर. व्हेंडरकडून अर्धा सोर्स येतो आणि उरलेला अर्धा तयार ऑब्जेक्ट फाइल म्हणून. ती जीसीसीने बांधलेली, म्हणजे तिच्यातल्या फंक्शनांच्या आधी हॅश नाही. कॉलबॅक नोंदवला की पहिल्याच कॉलला ट्रॅप. आपल्या बाजूने कॉल करणाऱ्या फंक्शनला सूट देऊन ते चालवता येईल, पण फाइलच्या आत जे अप्रत्यक्ष कॉल होतात त्यांच्यावर कुठलीच तपासणी नाही आणि त्यांच्याबद्दल आपल्याला काही करता येत नाही. शिवाय एक्स१८ राखीव आहे हे त्या फाइलला ठाऊक नाही. शॅडो कॉल स्टॅक चालू असताना तिने एक्स१८ वापरला तर परतीचे पत्ते कुठे जातील देव जाणे. डिसअसेंब्लीत एक्स१८ वापरलेला दिसला. म्हणजे सूट देऊनही भागत नाही.

अहवालात असं दिलं:

दोन्ही कर्नल क्लँगवर न्यायचे, पॅच रिलीजपुरती आवृत्ती पक्की करून. जीसीसीचं बिल्ड फक्त तुलनेसाठी सीआयमध्ये. गेटवेवर केसीएफआय आणि डायनॅमिक शॅडो कॉल स्टॅक. सर्व्हरवर केसीएफआय, बूट ओळीत नाव घेऊन, आणि आयबीटी. लॅबमध्ये परमिसिव्ह, ग्राहकाकडे जाणाऱ्या इमेजमध्ये पॅनिक. परमिसिव्ह इमेज बाहेर पाठवण्याचा प्रस्ताव आला होता. त्यात हल्ल्याची नुसती नोंद होते आणि हल्ला पुढे चालू राहतो, म्हणून नकार लिहिला. काटेकोर टाइपची वॉर्निंग आपल्या ड्रायव्हरांसाठी एरर. कास्टवाला जुना ड्रायव्हर ज्युनियर लिहायला घेतेय, तिचे पहिले पॅच रिव्ह्यूला आलेत आणि चांगले आहेत.

व्हेंडरला दोन पर्याय कळवले: सोर्स द्या, किंवा आमच्याच क्लँगने, केसीएफआय लावून आणि एक्स१८ राखून फाइल बांधून द्या. उत्तर आलं की "मागणी नोंदवली आहे". तोवर गेटवेच्या पुढच्या इमेजमध्ये ऑफलोड बंद. थ्रूपुट किती पडतो ते गुरुवारी लॅबमध्ये मोजायचं.